शेकूच्या बायकोवरून पेटलेला वर्ग: ‘बनगरवाडी’च्या वाचनाचं एक प्रकरण

सांगलीत एका कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी मराठी शिकवते. यंदा पोरांना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचायला दिली होती आणि तिच्यातल्या एका प्रसंगावरून वर्गात जे झालं ते सविस्तर मांडतेय, कारण कथा-कादंबरी शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच की पोरगं स्वतःच्या घरचं काहीतरी घेऊन पुस्तकात शिरलं तर त्याला अडवायचं का जाऊ द्यायचं. माझं मत आधीच सांगते. अडवायचं अजिबात नाही, पण आत शिरला की त्याला पुस्तकातल्या ओळीपाशी उभं करायचं आणि म्हणायचं, हे इथं कुठं आहे दाखव.

‘बनगरवाडी’ का निवडली ते सांगते. 1955 सालची कादंबरी, छोटीशी, दोन-तीन बैठकीत वाचून होते. लेखक आपल्याच जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. गोष्ट औंध संस्थानाच्या काळातली, आटपाडीचा भाग तेव्हा औंधकडं होता, पुढं 1948 ला संस्थान विलीन झालं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीवर कोवळ्या वयाचा एक मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, गावचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो, गाव मिळून तालीम बांधतं, राजा येऊन जातो, मग कारभारी जातो, दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडतात आणि मास्तर पण निघतो. सगळं मास्तरच सांगतो, ‘मी’ म्हणून. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच फिरणार आहे.

वर्ग कसा आहे तेही सांगायला पाहिजे, त्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. जिल्हा एकच पण पाणी सारखं नाही. एकीकडं शिराळ्याचा पाऊस आणि वाळवा-मिरजेकडचा कृष्णा-वारणेच्या पाण्यावरचा ऊस, दुसरीकडं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ हा पर्जन्यछायेतला पट्टा. आता कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून आटपाडीकडं नेलंय, डाळिंबाच्या बागा झाल्यात, तरी तिकडच्या पोरांच्या घरात दुष्काळाची आठवण अजून ताजी आहे. माझ्या वर्गात या दोन्हीकडची पोरं एका बाकावर बसतात, आणि त्यांच्या जोडीला सांगली-मिरजेची शहरातली पोरं, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मेंढराचा कळप फक्त रस्त्यावर गाडी अडल्यावर बघितलाय.

पहिला कागद

‘स्वभावचित्रण करा’ असा प्रश्न मी मुद्दाम टाळला. तो टाकला की पोरं हात न थरथरता लिहून देतात, मास्तर हा कर्तव्यदक्ष, प्रेमळ आणि होतकरू तरुण आहे. हे वाक्य कुठल्याही मास्तरला चिकटतं. म्हणून मी सांगितलं की एक पान लिहा, पुस्तकातल्या कुठल्या माणसाचं कुठलं वागणं तुम्हाला पटलं नाही, किंवा फार पटलं, आणि का. गाइड बघायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, वर्गातच लिहायचं.

जे आलं त्यातलं निम्मं तक्रारवजा होतं. मॅडम यात काही घडतच नाही. हिरो कोण ते कळत नाही. व्हिलन पाहिजे होता. एकानं तर विचारलं होतं की यातला मेन संघर्ष कुठला, कारण नोट्समध्ये ‘मानव विरुद्ध निसर्ग’ असं दिलंय पण दुष्काळ तर शेवटी शेवटी येतो, मग आधीची एवढी पानं कशाला आहेत. हा प्रश्न मला फार आवडला. या पोरानं पुस्तक वाचलंय हे त्या प्रश्नावरूनच कळतं. संघर्ष म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर हे पोरांच्या डोक्यात सिरियल-पिक्चरनी बसवलंय आणि आपल्या नोट्सनी त्याच्यावर शिक्का मारलाय. ‘बनगरवाडी’त तसं नाही. तिथं माणसं एकमेकांना धरून पण असतात आणि आडवी पण जातात, तालमीचं काम सगळ्यांच्या फायद्याचं असून गावातूनच खोडा बसतो, आणि दोन पानांनी तीच माणसं परत एका पारावर बसलेली दिसतात. गावात राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही.

या पानांच्या गठ्ठ्यात वाडीवरल्या शेकू नावाच्या माणसाच्या बायकोवर लिहिलेली बरीच पानं होती. प्रसंग असा आहे: पेरणीची वेळ, शेकूकडं एकच बैल, जोडीला दुसरा काही मिळत नाही, आणि घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, तर निघून चाललेली. मग शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते. ज्यानं कादंबरी अर्धवट वाचली त्याला पण हा प्रसंग आठवतो.

वाळव्याकडच्या एका पोरानं लिहिलं होतं की ही बाई म्हणजे आदर्श आहे, नवऱ्याच्या अडचणीत खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आजकालच्या बायकांनी हिच्याकडून शिकावं. मनापासून लिहिलं होतं, अक्षरावरून पण दिसत होतं. आणि जतकडच्या एका पोरीनं चारच ओळी लिहिल्या होत्या. तिनं परवानगी दिली म्हणून इथं देते: ‘ती उभी राहिली असं सगळे म्हणतील. पण तिला बसायला जागा कुठं होती? जिला नाही म्हणता येत नाही तिच्या हो म्हणण्याचं कौतुक करू नये.’

भांडण

दोन्ही कागद, लिहिणाऱ्याला विचारून, नावं न सांगता वर्गात वाचून दाखवले. पाचेक मिनिटं ठीक चाललं. मग एक जण म्हणाला, यात वाईट काय आहे, कष्ट करणाऱ्याचं कौतुक करायचं नाही का. दुसरी म्हणाली, मग शेकूनं एकट्यानं का नाही ओढलं. तिसरा म्हणाला, औत धरणार कोण मग, तुझा बाप का. आवाज चढले. आणि त्या गोंधळात ती जतची पोरगी उभी राहिली आणि स्वतःच सांगून टाकलं की तो कागद माझा आहे, आणि माझी आई ऊस तोडायला जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडीवर देतो, हंगामाच्या आधी, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. उचल घेतली की हंगामभर दोघांनी फेडायची. नवरा तोडतो, बायको पण तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि खोपीवर आल्यावर भाकरी तिच्याच वाट्याला. दुष्काळी पट्ट्यातनं माणसं येतात आणि कृष्णाकाठचा ऊस तुटतो, आपल्या जिल्ह्यात तर हा प्रवास एका तालुक्यातनं दुसऱ्या तालुक्यात होतो. ती म्हणाली, ‘वडिलांनी उचल घेतल्यावर आई म्हणू शकते का मी यंदा येत नाही? आणि फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसात, तिला बघून कुणी म्हणालं किती गुणाची बाई, तर मला कसं वाटंल?’

वर्ग गप्प झाला. वाळव्याचा तो पोरगा खाली बघत होता, त्यांच्या घरचा ऊस अशाच जोड्या तोडतात हे त्याला माहीत आहे आणि वर्गातल्या सगळ्यांना पण माहीत आहे.

माझ्या मते इथं शिकवणाऱ्यासमोर दोन सोप्या वाटा असतात आणि दोन्ही वाईट. एक म्हणजे ‘चला, आपण पुस्तकाकडे वळूया’ असं म्हणून तिचं बोलणं बाजूला सारायचं. दुसरी म्हणजे तिचंच बरोबर असं जाहीर करायचं, कारण ती दुखावलीय आणि तिनं सोसलंय. पहिल्यात पोरगी परत कधी तोंड उघडत नाही. दुसऱ्यात वाळव्याचा पोरगा आणि त्याच्यासारखा विचार करणारे सगळे गप्प बसायला शिकतात आणि मनात तेच ठेवतात. मी तास तिथं थांबवला आणि सांगितलं, उद्या सगळ्यांनी तो प्रसंग परत वाचून यायचा, आणि एकच गोष्ट शोधायची: हे कोण बघतंय, आणि त्याला काय दिसत नाहीये.

शहरातल्या पोरीनं दिलेली किल्ली

दुसऱ्या दिवशी पहिला हात वर झाला तो मिरजेच्या एका मुलीचा, जी आदल्या दिवशी एक अक्षर बोलली नव्हती. तिनं पहिल्या कागदावर लिहिलं होतं की मला गाव माहीतच नाही त्यामुळं माझ्याकडं लिहायला काही नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, आपल्याला वाडी तेवढीच दिसते जेवढी मास्तरला दिसते. मास्तरनं बांधावरनं बघितलं. जू कुणाच्या खांद्यावर होतं ते त्यानं सांगितलं, खांद्याला काय झालं ते त्याला कुठनं कळणार.’

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाक्य हेच होतं, आणि ते आलं त्या पोरीकडनं जिच्याकडं घरचा अनुभव काहीच नव्हता. तिच्याकडं फक्त पुस्तक होतं, म्हणून तिनं पुस्तकाकडं नीट बघितलं. अनुभववाली पोरं आणि बिनअनुभवाची पोरं एका वर्गात असणं ही अडचण आहे असं बरेच शिक्षक म्हणतात, मला ती मोठी सोय वाटते.

त्या वाक्यानंतर बोलणं बदललं. चर्चा झाल्यावर मी सगळ्यांकडून त्याच पुस्तकावर दुसरा कागद लिहून घेतला. वाळव्याच्या पोराच्या लक्षात आलं की आपल्याला जे कौतुक वाटलं ते बांधावर उभं राहून बघणाऱ्याचं कौतुक आहे, आणि आपण पण घरच्या फडाकडं बांधावरनंच बघतो. हे शेवटचं त्यानं वर्गात नाही, दुसऱ्या कागदात लिहिलं. पण त्यानं आपलं म्हणणं सोडून दिलं असं नाही. त्यानं लिहिलं की शेकूच्या बायकोत ताकद आहे हे मला अजून वाटतंय, ती बिचारी म्हणून दाखवलेली नाही, तिला बिचारी केलं तर तो पण तिच्यावर अन्यायच. बरोबर आहे त्याचं.

आणि जतच्या पोरीनं जे लिहिलं त्याची मी अपेक्षाच केली नव्हती. प्रसंग परत वाचल्यावर तिला एक फरक दिसला. शेकूच्या डोक्यावर मुकादम नाही, उचल नाही, आणि रान त्यांचं स्वतःचं आहे. पेरणी चुकली तर दोघांच्या तोंडचं जाणार. तिनं लिहिलं: ‘आईचं स्वतःचं रान असतं आणि पेरायची वेळ निघून चालली असती तर आईनं पण जू ओढलं असतं, आणि मग तिला कुणाचं कौतुक नको असतं आणि कुणाची कीव पण नको असती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त फड दिसला होता.’

बघा, तिच्या घरच्या अनुभवानं तिला त्या प्रसंगात असं काहीतरी दाखवलं जे वर्गातल्या बाकी कुणाला दिसलं नव्हतं. आणि मग पुस्तकानं तिच्या अनुभवाला पण प्रश्न विचारला. दोन्ही व्हायला लागतं. नुसतं पहिलं झालं तर पुस्तक हा फक्त आरसा होतो, नुसतं दुसरं झालं तर पेपरातलं उत्तर होतं.

याच्यावर आधी कुणी काय म्हणून ठेवलंय

केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकांनी 1920 च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता दिल्या, त्यांच्याकडून प्रतिक्रिया लिहून घेतल्या आणि 1929 साली ते सगळं विश्लेषणासकट छापलं. वाचन कुठं कुठं घसरतं याची यादीच त्यांनी केली, आणि त्यात एक अडथळा असा होता की वाचकाला स्वतःची एखादी आठवण येते, जिचा कवितेशी संबंध नसतो, आणि तो त्या आठवणीवरच प्रतिक्रिया देत बसतो. दुसरा अडथळा म्हणजे साचेबंद प्रतिक्रिया, आई म्हटलं की डोळ्यात पाणी, कष्टाळू बाई म्हटलं की आदर्श. नंतर अमेरिकेत लुईझ रोझेनब्लॅट या साहित्याच्या अभ्यासक बाईंनी 1938 पासून वेगळी बाजू मांडली, की वाचकाच्या आयुष्याशिवाय कविता ही नुसती कागदावरची शाई, अर्थ घडतो तो वाचक आणि मजकूर यांच्या देवाणघेवाणीत. पण त्यांचं नाव घेऊन ‘ज्याला जे वाटेल तो अर्थ’ असं जे सांगतात ते त्यांच्यावर अन्याय करतात. वाचनाला त्यांनी दोन कसोट्या लावल्यात: मजकुरातली कुठलीही गोष्ट तुमच्या अर्थाच्या विरोधात जाता कामा नये, आणि मजकुरात ज्याला शब्दाचा आधारच नाही असं काही तुम्ही त्यात घालता कामा नये.

वर्गात मी ही नावं सांगत बसले नाही, पहिल्या वर्षाच्या पोरांना त्याची गरज नाही. पण दोन्ही कसोट्या साध्या भाषेत फळ्यावर लिहिल्या. पुस्तक तुझ्या विरोधात बोलतंय का बघ. पुस्तकात नसलेलं काही तू घातलंयस का बघ.

दुसऱ्या कसोटीचं एक चांगलं उदाहरण लगेच मिळालं. कवठेमहांकाळच्या एका पोरानं शेवटच्या दुष्काळावर जोरदार लिहिलं होतं, त्यात सरकारनं वाडीवर खडी फोडायचं काम काढलं, लोकांना सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) वाटली, लाल मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खायला लागली असं सगळं होतं. आजीनं सांगितलेलं. खरंच घडलेलं, पण 1972 च्या दुष्काळात. त्या दुष्काळातनंच रोजगार हमी राज्यभर पसरली, आणि तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, हे त्याला सांगितल्यावर तो फार खूश झाला. पण कादंबरी छापलीय 1955 ला आणि गोष्ट संस्थानाच्या काळातली, तिथं ना सुकडी ना रोजगार हमी. आजीच्या आठवणीनं पुस्तक पूर्ण झाकून टाकलं होतं. त्याला मी ते खोडायला सांगितलं नाही, वेगळ्या कागदावर आजीचा दुष्काळ लिही म्हणाले आणि मग दोन दुष्काळ शेजारी ठेव. त्यानं एकच फरक लिहिला पण नेमका लिहिला: बहात्तरला माणसं गावाजवळच्या कामावर गेली, वाडीच्या माणसांना गाव सोडण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

शेवट दुःखाचा का नाही

दुसरा वाद शेवटावर झाला. जवळपास सगळ्यांनी शेवट शोकांत आहे असं लिहिलं होतं, गाव ओसाड पडलं, मास्तरचं स्वप्न मोडलं वगैरे. आटपाडीकडच्या एका पोरानं मात्र लिहिलं, ‘शेवट दुःखी न्हाय. मेंढरंवाली जात्यात आणि येत्यात.’ एवढंच.

तो स्वतः धनगर समाजातला. त्याचे चुलते अजून मेंढरं घेऊन बाहेर पडतात, वाडा, म्हणजे तळावरचा सगळा संसार, घोड्यावर लादून, कृष्णाकाठाकडं, कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवायला. लेंडीखतासाठी शेतकरी बोलावतात, त्याचं धान्य किंवा पैसे मिळतात, आणि पाऊसकाळ आला की परत गावाकडं. त्याच्या हिशोबानं गाव रिकामं होणं ही दरवर्षीची गोष्ट आहे, तिच्यावर रडायचं काय.

रिचर्ड्सच्या यादीत बसवायचं म्हटलं तर ही बाहेरची आठवण ठरेल. पण मला हे वाचून आपण सगळे शेवट कुणाच्या डोळ्यानं वाचतोय हे पहिल्यांदा जाणवलं. आणि मिरजेच्या मुलीचं वाक्य वर्गाला आठवलंच, वाडी मास्तरला दिसते तेवढीच दिसते. त्या पोरानं लगेच ते उचललं, म्हणाला, ‘मास्तर जाणार ते परत येणार न्हाय. म्हणून त्याला गाव संपलं असं वाटतंय. वाडीचं काय, वाडी यील की.’

मग त्याला पहिली कसोटी लावली. पुस्तक तुझ्या विरोधात बोलतंय का? तो परत वाचून आला आणि जरा विचारात होता. म्हणाला, मॅडम, आमचं जाणं निराळं, हे निराळं. आमच्यात तरणी माणसं मेंढराबरोबर जातात, म्हातारी घर राखतात, शाळेला असलेली पोरं मागं राहतात. इथं सगळंच उठतंय. आणि मेंढरंच मेली तर परत येऊन राखायचं काय. शिवाय कारभारी गेलेला, परत आल्यावर गोळा कोण करणार. एवढं सगळं स्वतःच्या विरोधात मांडून पण त्यानं शेवटी आपलं मत पूर्ण बदललं नाही. दुसऱ्या कागदावर त्यानं लिहिलं की शेवट मास्तरसाठी नक्की दुःखाचा आहे, वाडीसाठी काय आहे ते कादंबरी सांगत नाही, कारण सांगणारा निघून गेला.

हे मी मराठीच्या कुठल्याही शिक्षकाला दाखवायला तयार आहे. असलं वाक्य गाइडमध्ये नसतं.

मात्र या चर्चेत एक गोष्ट अशी झाली जिच्याकडं फार लक्ष द्यायला लागतं. बाकीची पोरं त्याला प्रत्येक गोष्ट विचारायला लागली, तुमच्यात असं असतं का, तुमच्यात लग्न कसं, तुमच्यात अजून शिकत नाहीत का. चांगल्या मनानं विचारत होती, कुतूहल होतं. पण दोन तासांनी तो वैतागला आणि म्हणाला, ‘मी काय समाजाचा प्रवक्ता हाय व्हय? मला पण पुस्तकावरच बोलायचंय.’ तेव्हापासून वर्गात नियम केला की अनुभव स्वतःहून सांगितला तर ऐकायचा, कुणाकडं मागायचा नाही. आणि प्रश्न पुस्तकातल्या माणसाबद्दल विचारायचा, बाकावर बसलेल्या माणसाबद्दल नाही. जतच्या पोरीच्या बाबतीत पण हेच. तिनं आईचं सांगितलं तो तिचा निर्णय होता. वर्गाबाहेर कॅन्टीनला कुणी तो विषय काढला नाही ना हे मी तिला वेगळं बोलावून विचारलं, एकानं काढला होता, त्याला समज दिली.

परीक्षेचं काय

एका सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं की हे साहित्य शिकवणं आहे का समाजशास्त्र. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की शेकूच्या बायकोपासून ऊसतोडीकडं गेलो आणि तिथंच राहिलो असतो तर समाजशास्त्र झालं असतं. आम्ही तिथनं निवेदकाकडं परत आलो, कोण बघतंय, कुठनं बघतंय, त्याला काय कळत नाही. प्रथमपुरुषी निवेदनावर मी याआधी पाठ्यपुस्तकी पद्धतीनं व्याख्यान दिलेलं आहे, पोरं वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या कादंबरीला ते लावता येत नाही. या वेळी त्यांना त्याची गरज पडली, भांडण मिटवायला दुसरं साधनच नव्हतं.

पोरांची काळजी वेगळी होती, पेपरात काय लिहू. हे मी हलक्यात घेत नाही, मार्कांवर बऱ्याच जणांची स्कॉलरशिप आणि घरच्यांचं पुढं शिकवायचं मन अवलंबून असतं. त्यामुळं एक ढाचा करून दिला. आपलं म्हणणं पहिल्या दोन ओळीत. मग त्याला आधार देणारा प्रसंग, स्वतःच्या शब्दांत पण नेमका. मग पुस्तकातलीच अशी एक गोष्ट जी आपल्या म्हणण्याला अडचण करते. मग त्या अडचणीनंतर म्हणणं किती टिकतं. घरचा अनुभव उत्तरपत्रिकेत लिहायलाच पाहिजे असं नाही, त्यानं जे दाखवलं ते लिहायचं. तपासणारा कुणीही असला तरी अशा उत्तराला कमी मार्क द्यायला त्याला कारण सापडत नाही, कारण प्रत्येक वाक्याखाली पुस्तक आहे.

सगळ्यांना हे जमलं असं नाही. निम्म्या वर्गाच्या दुसऱ्या कागदात पण ‘कर्तव्यदक्ष, प्रेमळ’ आलंच, काहींनी मिरजेच्या मुलीचं वाक्यच गाइडसारखं पाठ करून टाकलं, ‘वाडी मास्तरला दिसते तेवढीच दिसते’ असं कुठल्याही प्रश्नाच्या उत्तरात. त्या पोरांना मी एवढंच विचारते की एक जागा दाखव जिथं मास्तरला दिसत नाही आणि तुला दिसतं. काही जण पुस्तक उघडतात. काही जण अजून उघडत नाहीत, त्यांच्यासाठी पुढच्या टर्मला पूर्ण कादंबरी न देता एखादी कथा वर्गातच मोठ्यानं वाचून घ्यायची आणि मधे थांबून लिहायला लावायचं असं ठरवलंय. शेवट वाचायच्या आधी पहिला कागद घ्यायचा आणि शेवट वाचून झाल्यावर दुसरा. जतच्या पोरीनं आणि वाळव्याच्या पोरानं कथा निवडायचं काम मागून घेतलंय, सध्या त्यांचं एका कथेवर एकमत होत नाहीये.